देव्हाऱ्याबाहेरची सरस्वती

बडोद्यातील जुन्या मराठी घरांचे एक लक्षण सांगावयाचे झाले, तर आम्ही रविवर्म्याच्या तसबिरीचे नाव घेऊ. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील वाड्यांच्या माजघरांतून कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि मांडीवर वीणा घेतलेली सरस्वती पिढ्यान्‌पिढ्या नांदली. आता ते वाडे एकामागून एक पडत आहेत. त्यांच्या जागी सदनिका उठत आहेत. आणि सामान हलविताना तसबिरीपाशी येऊन सारे घर थबकते. सून म्हणते, नव्या भिंतीवर जागा नाही. फाइन आर्ट्‌सला शिकणारा नातू म्हणतो, हे तर कॅलेंडरावरचे चित्र, ही काही कला नव्हे. आजी काहीच बोलत नाही. मग पुष्कळदा ती तसबीर पस्तीवाल्याच्या (मुंबई-पुण्याकडील वाचकांनी रद्दीवाला समजावे) हातगाडीवर चढते. नातवाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, आणि आजीचे मौनही तसे नाही. म्हणूनच हा विषय या महिन्यात घेत आहोत.

रविवर्म्याचा आणि या नगरीचा संबंध जुना. तंजावरी मराठी घराण्यातले दिवाण सर टी. माधवराव यांच्यामुळे तो १८८१ च्या सुमारास, सयाजीराव महाराजांना पूर्ण राज्याधिकार मिळाले त्या वेळी, येथे आला. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्याच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपविले व ते १८९० मध्ये पुरे झाले. चित्रांच्या छापील प्रती काढून त्या घरोघर पोहोचवाव्यात, ही कल्पनाही माधवरावांनीच त्याला सुचविली होती. १८९४ मध्ये मुंबईस छापखाना निघाला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. शिळाछापाचे हे काम मोठे कष्टाचे. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा. कागद त्या सर्व शिळांवरून एकामागून एक जावयाचा आणि रेषेवर रेषा तंतोतंत बसावयाची. शेवटी वर रोगणाचा हात, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला तैलरंगाचाच भास व्हावा. देवळाबाहेरून ज्यांना परत फिरावे लागे, अशांच्याही घरी त्या कागदावरून देव आले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता नातवाची बाजू. तो ज्या शाखेत शिकतो, तेथे १९५० पासून आमच्या इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे शिकवीत होते. तेव्हा रंग-रेषांचा विचार त्याच्या कानांवर पडलेला असणारच. आनंद कुमारस्वामींसारख्या थोर अभ्यासकानेही रविवर्म्याची चित्रे नाटकी आणि कल्पनादरिद्री ठरविली होती. (नाटकी हा शब्द दूषण म्हणून ऐकताना आम्हा मराठी माणसांस थोडे चमत्कारिक वाटते. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले. रविवर्म्याच्या कित्येक पौराणिक नायिका नऊवारीत वावरतात. दोघींचा काळ एकच आहे.) कांटने १७९० मध्ये मांडलेला सिद्धान्तही नातवाच्याच बाजूचा: वस्तू आपल्याला मिळावी, तिचा उपयोग व्हावा, असा हेतू मनात नसताना होणारा आनंद तोच सौंदर्याचा. परीक्षेच्या दिवशी सरस्वतीला हात जोडणाऱ्याचा आनंद या कसोटीस कसा उतरावा? आणि हा विचार केवळ परदेशी आहे असेही नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत आपल्याच सुखदुःखात गुंतून पडणे हे एक विघ्न आहे. आजीला त्या चित्रात आपले माहेर, आपली गेलेली माणसे दिसत असतील, तर तिने चित्र पाहिले असे म्हणावे काय?

येथवर नातवाचे बरोबर आहे असे आम्हांस वाटते. परंतु आजीची तसबीर नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कित्येक घरांतील तसबिरी नुसत्या छापील नाहीत. त्यांतील साडीवर खरे वस्त्र बसविलेले असते, काठावर जर आणि दागिन्यांवर टिकल्या व मणी असतात. हे काम घरातल्या स्त्रिया दुपारच्या फावल्या वेळी करीत. त्या कामात त्यांनी काय काय ठरविले, ते पाहावे. पदराची चुणी कोठे मोडते, तेथेच जर वळवावयाची. वीणेवर चमक किती असावी, म्हणजे मुकुटाशी तिचे भांडण होणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोठे थांबावयाचे. मुख आणि हात त्या बहुधा मोकळेच सोडीत. भोवतीच्या लखलखाटात ती सपाट, शांत जागा उठून दिसे. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे मानली. त्यांचे लेखन या बायकांनी वाचलेले नव्हते. परंतु विरोध आणि समतोल त्यांच्या सुईला ठाऊक होते. एका चित्रापुढे इतके दिवस असे एकाग्र होऊन बसणारा प्रेक्षक कोणत्या संग्रहालयास लाभतो? टिकली कोठे लावू, या विवंचनेत असताना त्या बाईला वर मागण्याची आठवण तरी राहत असेल काय? कांटला हवी असलेली निरपेक्षता आम्हांस त्या दुपारी दिसते, सायंकाळच्या आरतीत नव्हे. एकाच स्त्रीच्या एकाच दिवसात ती येते आणि जाते.

म्हणून प्रत्येक तसबीर श्रेष्ठ कलाकृती आहे, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. बऱ्याच प्रतींत मूळ रंगांची खोली हरवली आहे. चेहरे गुळगुळीत आणि निर्विकार झाले आहेत. ज्यांना हा फरक पाहावयाचा असेल, त्यांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात जावे. तेथे मूळ चित्रे आहेत. ‘सीता भूमिप्रवेश’ या चित्रापुढे आजी आणि नातू यांनी एकत्र उभे राहावे, अशी आमची फार इच्छा आहे. नातू छायाप्रकाश पाहील, आजी सीतेला पाहील. दोघांनी एकमेकांस काय दिसले ते तेथेच विचारावे.

ज्या घरांत आज बांधाबांध चालू आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. तसबीर ओल्या फडक्याने पुसू नये. रोगण व रंग दोन्ही बिघडतात. मागची फळी जुनी असेल तर तिचे तपकिरी डाग कागदावर उतरतात, तेव्हा ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. जर व टिकल्या सैल झाल्या असतील तर त्या उपटून नव्या लावू नयेत. आणि चौकट उघडलीच, तर कागदाची खालची कड पाहावी. तेथे बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते, व कार्ला-लोणावळा असे गावही कधी कधी आढळते. चौकट बसविणाऱ्याने ती कड कापून टाकली नसली म्हणजे झाले.