नंद्यावर्त, तीन बिंदू आणि चपडीचा डबा

गेल्या अंकात स्क्रोल सॉची ओळख करून दिल्यापासून भेटेल तो वाचक एकच प्रश्न विचारतो : यंत्र विकत घ्यावे, की आधी हातकरवतीने हात बसवावा? व्यापाऱ्याच्या घरात याचे उत्तर ठरलेले असते. माल खपतो की नाही हे पाहिल्यावाचून कोणी गोदाम भाड्याने घेत नाही. तेव्हा पहिले दोन-तीन महिने हातकरवतच बरी.

ही करवत म्हणजे घोड्याच्या नालेसारखी लांबट पोलादी कमान. तिच्या दोन टोकांत केसासारखे बारीक पाते ताणून बसवलेले असते. पात्याचे दाते खाली, मुठीच्या दिशेने असावेत. पाते उलटे बसले तर प्रत्येक ओढीला फळी टेबलावरून उचलली जाते आणि नवशिका आपल्याच हाताला दोष देत बसतो. ताण बरोबर आहे की नाही हे कानाला कळते. बोटाने छेडल्यावर पाते तंबोऱ्याच्या तारेसारखे स्वच्छ वाजले पाहिजे. आवाज बद्द आला तर पेच आणखी आवळावा. टेबलाच्या कडेला चोचीसारखी खाच असलेली लहान फळी आवळून बसवावी आणि त्या खाचेत काम करावे. करवत एकाच जागी सरळ वर-खाली चालते. वळायचे असते ते फळीने. एवढे एक अंगवळणी पडले की यंत्रावर शिकण्यासारखे फार थोडे उरते, कारण यंत्रही तेवढेच करते, फक्त न दमता.

यंत्र घेणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी सांगतो. पात्याच्या टोकाला खिळी लागणारे यंत्र स्वस्त पडते, पण त्या खिळीसाठी लाकडाला मोठे भोक पाडावे लागते आणि नाजूक जाळी हातची जाते. बिनखिळीची पाती धरणारे यंत्र पाहून घ्यावे. दुसरे असे की पाते रेषेवरून किंचित एका बाजूला सरकू पाहते. पाते तयार होताना त्याच्या एका अंगाला जी बारीक खरखर राहते, तिचा हा परिणाम. म्हणून फळी नाकासमोर न ढकलता जराशी तिरपी धरून पुढे न्यावी. मला हे कळेपर्यंत प्लायवूडचे अर्धे पान वाया गेले होते, आणि घरच्या दुकानचे प्लायवूड म्हणून त्याचे दुःख कमी झाले असे नाही.

आता लाकूड. आम्ही राहतो बाळकुमला. नाक्यावरून मेट्रोच्या खांबांच्या रांगेने कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची गोदामे सुरू होतात, आणि तेथे परदेशी मालाबरोबर आलेल्या पाईनच्या खोक्यांचा आणि पॅलेटचा ढीग पडलेला असतो. सरावासाठी हे लाकूड उत्तम : मऊ, फिकट, पात्याला सोपे. सागवान दिसायला देखणे, पण त्यात सिलिकाचा अंश असतो आणि पाते लवकर बोथट होते. खोक्याच्या फळीवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि शेजारी रोमन अक्षरांचा शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटे तापवलेले आहे असे समजावे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली. ती फळी घरात आणूच नये. शिक्का नसलेल्या जुन्या लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली मैद्यासारखे पीठ दिसले तर आत जीव आहे. अशी फळी न कापता, न उन्हात तापवता, जेथून उचलली तेथेच ठेवून यावी. तापवलेल्या लाकडातील किडे कोणीतरी आपल्या आधीच मारलेले असतात, हा विचार त्या शिक्क्याबरोबर मनात येतोच. तो मला टाळता आलेला नाही. वाचकांनाही टाळता येईल असे वाटत नाही.

पहिल्या नमुन्यासाठी बहुतेक जण आपला नेहमीचा स्वस्तिक घेतात : वर तीन बिंदू, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर, तिच्यात एक बिंदू. पाटावर तांदळांनी काढताना यात काहीच अवघड नसते. करवतीने कापायला घेतल्यावर लक्षात येते की रत्नत्रयाचे बिंदू कशालाच जोडलेले नाहीत. ते कापले की गळून हातात येतात. जाळीकामातील ही सर्वांत जुनी अडचण आहे आणि तिच्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे बिंदूंना दोन-तीन मिलिमीटरच्या काड्यांनी चौकटीशी बांधून घेणे. त्याने आकृती टिकते, पण बिंदू बिंदू राहत नाहीत, बेड्या घातल्यासारखे दिसतात. दुसरा उपाय मला अधिक रुचतो. गडद पाटी तळाशी घ्यावी आणि फिकट लाकडाचे स्वस्तिक, बिंदू व कोर सुटे कापून तिच्यावर चिकटवावेत. कागदावरचा मूळ नमुना पाटीखाली ठेवून टाचणीने जागा टोचून घेतल्या की बिंदू तिरके बसत नाहीत.

अष्टमंगलातील नंद्यावर्त मात्र ज्याने महिनाभर सराव केला आहे त्यानेच हाती घ्यावा. त्याची प्रत्येक भुजा आत-बाहेर वळत नऊ कोन करते. भुजांमधली जागा कापून काढली की उरते ती मध्यबिंदूला टांगलेली लांबच लांब पट्टी, आणि अखंड लाकडात ती जेथे रेषांना आडवी जाते तेथे नेमकी मोडते. म्हणून येथे चार किंवा सहा मिलिमीटरचे चांगले प्लायवूड घ्यावे. त्याचे थर एकमेकांना आडवे असल्याने मोडण्याची भीती कमी. भुजांची टोके बाहेरच्या चौकटीला जोडलेलीच ठेवावीत. नमुना चिकटवण्यापूर्वी फळीवर खोकी बंद करायची पारदर्शक चिकटपट्टी लावावी. तिने पाते सुखाने सरते, कडा काळ्या पडत नाहीत. प्रत्येक पोकळीत दीड मिलिमीटरचे भोक पाडून, यंत्र बंद करून, त्यातून पाते ओवावे. सुरुवात मध्यापासून करावी आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी कापावी, म्हणजे शेवटपर्यंत धरायला भक्कम फळी राहते. कोनाशी आल्यावर घाई नको. पाते जागच्या जागी चालू ठेवून फळी हलकेच वळवावी. माझ्या पहिल्या नंद्यावर्ताची तिसरी भुजा सातव्या कोनात तुटली आणि मी ती कोणाला न सांगता जोडून टाकली.

येथे एक भेद सांगायला हवा. आपल्या देरासरांतील लाकूडकाम पटाशीचे, खोलीचे, ते कोरीव. पाटणच्या एका जैन मंदिराचा सोळाव्या शतकातील सागवानी मंडप १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याचे छत नुसत्या छायाचित्रात पाहिले तरी आपल्या करवतीची पायरी कळते. आपले काम कातीव, आरपार. त्याचे नाते जुन्या मुंबईच्या घरांच्या छपराला लटकणाऱ्या लाकडी झालरीशी आहे.

कापून झाले की आधी १५० आणि मग २२० नंबरचा काचकागद. त्यानंतर चिकटवणे आणि पॉलिश, आणि येथे मला थोडे थांबावे लागते.

माझ्या आजोबांच्या काळात सुतार सरस वापरीत. जनावरांच्या कातडी-हाडांपासून होणारा तो पदार्थ तापवला की त्याचा वास साऱ्या गल्लीत पसरे. पुढे १९५९ मध्ये बळवंत पारेख यांनी फेव्हिकॉल बाजारात आणले. महुव्याच्या जैन कुटुंबातला हा माणूस वकिलीचे शिक्षण घेऊनही मुंबईत लाकडाच्या एका व्यापाऱ्याकडे शिपाई होता. त्या पांढऱ्या, कृत्रिम गोंदाने सरस हळूहळू सुताराच्या पेटीतून गेला. आमच्या दुकानातूनही गेला, आणि आम्ही त्या बाबतीत निर्धास्त झालो.

गेल्या पर्युषणापूर्वी मी घरदेरासरासाठी अष्टमंगलाची एक पट्टी केली. आठ चौकटी, दोन महिन्यांचे काम. शेवटी तिला फ्रेंच पॉलिश केले : चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून सुती बोळ्याने सात-आठ हात. लाकूड आतून उजळल्यासारखे दिसू लागले. आत्याने पट्टी हातात घेतली, नंद्यावर्तावरून बोट फिरवले आणि विचारले, “यावर काय लावलं आहेस रे?” मी सांगितले. ती म्हणाली, “चपडी म्हणजे लाखच ना?” बाकी काही बोलली नाही. पट्टी कपड्यात गुंडाळून तिने माझ्या हाती परत दिली.

लाख ही पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांची रेझीन. फांद्या खरवडताना किडेही त्यात येतात. हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य नावानिशी आहे, आणि प्रतिक्रमणात लहानपणापासून मी ते म्हणत आलो आहे. दंतवाणिज्य म्हणताना हस्तिदंत डोळ्यांपुढे येई, विषवाणिज्य म्हणताना विष. लाक्षावाणिज्य म्हणताना दुकानातल्या दुसऱ्या फळीवरचा डबा कधीच आला नाही.

पट्टी मी पुन्हा घासून काढली. जाळीच्या आतल्या कडांपर्यंत काचकागद पोचत नाही. त्याच्या पातळ पट्ट्या कापून, पात्यासारख्या ओवून घासाव्या लागल्या. त्याला तीन आठवडे गेले. मग अळशीचे उकळलेले तेल लावले. वाचकांनी हेच करावे : तेल पातळ लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी पुसावे, दिवसभर वाळू द्यावे, आणि असे तीन हात द्यावेत. तेलाचे बोळे मात्र कधीही चुरगाळून ठेवू नयेत. ते आपोआप तापून पेटतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. चकाकी हवी असेल तर पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन चालते. मेण लावायचे तर मधमाशीचे नको. कार्नौबा नावाचे ताडाच्या पानांचे मेण मिळते, ते घ्यावे. तेलाला चपडीची झळाळी येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पट्टी आता देरासरात आहे, थोडी मंद दिसते.

राहिला डबा. चिरंजीवांचे म्हणणे असे की पॉलिशवाले जुने मिस्त्री चपडीसाठी येतात आणि प्लायवूड, बिजागऱ्या, खिळे सारे आमच्याकडूनच घेऊन जातात. चपडी नाही म्हटले तर ते पुढच्या दुकानात जातील. हिशोब बरोबर आहे, मी तपासला. शिवाय ज्या घरदेरासरात पट्टी लावली त्याच्या मूळ दारांना वडिलांनीच चपडीचे पॉलिश करवून घेतले होते. आत्याला ते ठाऊक आहे की नाही हे मी अजून विचारलेले नाही. शिल्लक माल संपेपर्यंत विकायचा आणि पुढे मागवायचा नाही, असे मी ठरवले आहे. चिरंजीव होय म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत. डब्यात पाच-सहा किलो असेल.

पुढील अंकात एकावर एक चार फळ्या जोडून एकदम कसे कापावे ते पाहू. दिवाळीच्या भेटीसाठी ज्यांना एकाच नमुन्याच्या अनेक प्रती हव्यात, त्यांनी तोवर दोन आणि पाच नंबरची डझनभर पाती आणून ठेवावीत.