अटकेचा पहिला दिवस वाया घालवू नका



घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं, की काही घरं लाजेने दार लावून बसतात, काही ओळखीच्या पुढाऱ्यामागे धावतात. त्यात पहिला दिवस निघून जातो. कायद्याचं सगळ्यात मोठं संरक्षण त्याच दिवसाला आहे.

आपल्या परभणीत सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्यांच्या आईने दाद मागितली. ४ जुलै २०२५ रोजी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने तो आदेश कायम ठेवला. कोठडीतल्या जिवाची जबाबदारी सरकारची असते. तरीही बाहेरच्या माणसांनी जागं राहावं लागतं.

म्हणून हे लक्षात ठेवा. अटक कशासाठी, हे त्या माणसाला सांगावंच लागतं, आणि तो सांगेल त्या नातेवाइकाला कळवावंही लागतं. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्यालाही हाच कायदा आहे. अटकेनंतर डॉक्टरी तपासणी होते, तिच्या अहवालाची प्रत मागा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. मारहाण झाली असेल तर तिथेच, स्पष्ट शब्दांत सांगायला लावा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

खटला रेंगाळला तर तारखा मोजा. आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, की नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ त्याला जामिनाची वाट देतं. इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असलेल्यांना ही सवलत नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी कुणी आत अडकला असेल, तर विधी सेवेच्या वकिलामार्फत अट शिथिल करण्याचा अर्ज करा.

मर्यादाही समजून घ्या. तुरुंगातून मतदान करता येत नाही. पत्रं तपासली जातात, भेट ठरल्या वेळीच होते, मोबाइल चालत नाही. शिक्षा झालेल्याला पॅरोल आणि फर्लो, म्हणजे तुरुंगातून तात्पुरती रजा, नियमांत बसलं तरच मिळते. पण कायद्याने जे काढून घेतलेलं नाही, ते सगळं कैद्याचंच राहतं. प्रभाकर संझगिरी या स्थानबद्धाने तुरुंगात मराठीत लिहिलेलं अणुविज्ञानाचं पुस्तक सरकार छपाईला बाहेर जाऊ देत नव्हतं; १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पाठवायला लावलं.

तेव्हा पोलिसांशी हुज्जत घालू नका, पैसे देऊन सोडवण्याच्या नादीही लागू नका. गुन्ह्याचा नंबर, कलमं, अटकेची वेळ आणि कोर्टाची तारीख एका वहीत लिहून ठेवा, प्रत्येक अर्जाची पोच घ्या. शेजाऱ्यावर ही वेळ आली, तर तोंड फिरवू नका. त्याच्यासोबत कोर्टात जा.