पाण्यात हेल्मेट कशाला?

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा याच जिल्ह्यात उगम पावते, पूर्णाही इथूनच जाते. पण उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात बऱ्याच ठिकाणी पाणी शोधावे लागते. त्यामुळे जलक्रीडा हा आपला विषय नाही, असे वाटणे साहजिक आहे. मात्र समृद्धी महामार्गामुळे मेहकर आणि सिंदखेड राजाहून कोकण जवळ आले. मित्रांचे गट, नवविवाहित जोडपी, कॉलेजच्या सहली कोलाडला राफ्टिंगला आणि मालवण-तारकर्लीला समुद्रातल्या खेळांना जाऊ लागल्या. काही जण बऱ्हाणपूरमार्गे खंडवा जिल्ह्यातल्या हनुवंतियाला, इंदिरा सागरच्या पाण्यावर जातात. म्हणून हा विषय आता आपल्याही घरात आला आहे.

या सहलींचे फोटो मोबाइलवर पाहताना एक गोष्ट डॉक्टर म्हणून खटकते. अंगात लाइफ जॅकेट असते, पण हेल्मेट एकतर हातात असते, नाहीतर डोक्यावर मागे सरकवलेले आणि पट्टा मोकळा. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘‘पाण्यात हेल्मेट कशाला? पडलो तरी पाण्यातच पडणार ना!’’

हा समज कुठे चुकतो, ते पाहू.

कोलाडची कुंडलिका नदी घ्या. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्या धरणाचे पाणी भिरा येथील टाटांच्या वीजकेंद्रातून खाली येते आणि कुंडलिकेत सोडले जाते. सकाळी पाणी सुटले की नदी भरते आणि राफ्टिंग सुरू होते. सुमारे १२ किलोमीटरचा हा प्रवास आहे. पाणी उसळते ते तळाशी खडक असतात म्हणूनच. सपाट वाळूवरून वाहणारी नदी अशी उसळत नाही. म्हणजे राफ्टिंगची मजा ज्या ठिकाणी जास्त, त्याच ठिकाणी पाण्याखाली दगड जास्त. राफ्ट उलटली की माणूस पाण्यात पडतो हे खरे. पण ते पाणी त्याला खडकावर नेऊन आदळते. शिवाय सोबत्याचे वल्हे असते, उलटलेल्या राफ्टची कड असते, दुसऱ्याचा गुडघा असतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग चालते. तिथेही हेच लागू आहे.

आता डोक्याच्या आत काय होते ते पाहू. आपला मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, मऊ अवयव आहे. तो कवटीत द्रवात तरंगत असतो. डोके वेगात जाऊन कठीण वस्तूवर आदळले की कवटी थांबते, पण आतला मेंदू हलत राहतो आणि हादरतो. अनेकदा कवटीला साधी चीरही जात नाही, तरी माणूस काही सेकंद ते मिनिटभर बेशुद्ध होतो.

असे जमिनीवर झाले, तर बहुतेक माणसे वाचतात. गल्लीत क्रिकेट खेळताना मुलगा पडला, अर्धा मिनिट भान हरपले, मग उठून बसला. आपण त्याला तपासतो, लक्ष ठेवतो, बहुतेकदा दोन दिवसांत तो ठीक होतो. तोच अर्धा मिनिट वाहत्या पाण्यात आला तर? बेशुद्ध माणूस श्वास रोखून धरू शकत नाही, तोंड पाण्याबाहेर ठेवू शकत नाही, फेकलेला दोर पकडू शकत नाही. पाणी फुप्फुसांत जाते. मेंदूला ४ ते ६ मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर कायमची इजा होऊ लागते. मार किरकोळ असतो, मृत्यू बुडून होतो. पाण्यातल्या हेल्मेटचे मुख्य काम हेच आहे: माणूस शुद्धीवर राहावा, म्हणजे तो स्वतःला वाचवू शकेल. पट्टीचा पोहणाराही शुद्धीवर असेल तरच पोहतो. त्यामुळे ‘मला पोहता येते’ हे हेल्मेट न घालण्याचे कारण होऊ शकत नाही.

‘लाइफ जॅकेट आहे ना’ हा दुसरा युक्तिवाद. आपल्याकडची मागची पिढी पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. लाइफ जॅकेट हे त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप आहे आणि पाण्यातला सर्वांत महत्त्वाचा बचाव तेच आहे, यात वाद नाही. पण सहलीच्या ठिकाणी मिळणारी बरीच जॅकेट माणसाला फक्त तरंगत ठेवतात. बेशुद्ध माणसाला उलटवून त्याचे तोंड वर आणण्याची ताकद त्यांत नसते. तरंगणारा माणूसही तोंड पाण्यात असेल तर गुदमरतो. म्हणून खडकाळ, वेगवान पाण्यात दोन्ही वस्तू हव्यात. एकीमुळे दुसरी अनावश्यक ठरत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो: ‘‘एवढ्या थोड्या वेळासाठी कशाला?’’ क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांना रमण लांबा आठवत असतील. १९९८ साली ढाक्यातील एका सामन्यात ते फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभे राहिले. षटकातले थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्यांनी हेल्मेट मागवले नाही. चेंडू डोक्यावर आदळला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले, नंतर बेशुद्ध झाले आणि तीन दिवसांनी गेले. यात दोन धडे आहेत. धोका वेळ मोजून येत नाही, हा एक. दुसरा वैद्यकीय आहे: डोक्याला मार लागलेला माणूस चालतो-बोलतो म्हणून तो सुरक्षित आहे असे नाही. आत रक्तस्राव हळूहळू वाढत असतो आणि तासा-दोन तासांनी, कधी त्याहून उशिरा माणूस कोसळतो.

लाटांवरच्या सर्फिंगमध्येही हेल्मेटला बरीच वर्षे नाक मुरडले गेले. ऑस्ट्रेलियाचा ओवेन राइट हा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. २०१५ साली हवाईत मोठ्या लाटेखाली सापडून त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्याला चालणेही नव्याने शिकावे लागले. तो सावरला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक जिंकले. पुढे मोठ्या लाटांत तो हेल्मेट घालून उतरला. खळाळत्या पाण्यातल्या ऑलिंपिक कनोइंगमध्ये तर हेल्मेट सक्तीचेच आहे. जगातले उत्तम खेळाडू जे घालतात, ते वर्षातून एकदा राफ्टमध्ये बसणाऱ्या आपल्याला कमीपणाचे का वाटावे?

मात्र कोणतेही हेल्मेट चालत नाही. काही जण आपले मोटारसायकलचे हेल्मेट घेऊन जाण्याचा विचार करतात. ते करू नका. रस्त्यावरचे हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकाप्रमाणे, एका मोठ्या आघातासाठी बनवलेले असते. पाण्यात ते बादलीसारखे भरते, जड होते, मानेला ओढते आणि कान झाकले गेल्याने वाटाड्याची सूचना ऐकू येत नाही. पाण्यातल्या हेल्मेटला पाणी निघून जायला छिद्रे असतात, आतला फोम पाणी शोषत नाही आणि ते तरंगते. युरोपात त्यासाठी ईएन १३८५ हे वेगळे मानक आहे. हेल्मेट घेताना आत हे चिन्ह आहे का, ते पाहावे.

भाड्याने मिळणारे हेल्मेट घालण्यापूर्वी एक मिनिट तपासा. कवचाला तडा नाही ना? आत फोम आहे की नुसती प्लास्टिकची टोपी? हेल्मेट कपाळ झाकते ना? भुवईच्या वर दोन बोटांपेक्षा जास्त जागा उघडी नको. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल इतका घट्ट हवा. मान जोरात हलवून पाहा. हेल्मेट डोक्यावर फिरत असेल तर दुसरे मागा. घामाचा वास येतो अशी तक्रार असते, ती खरीही असते. त्यावर आतून पातळ सुती रुमाल बांधणे हा सोपा उपाय आहे.

सगळ्याच पाण्यात हेल्मेट हवे, असे मी म्हणत नाही. धरणाच्या संथ पाण्यात नावेतून फेरी मारताना लाइफ जॅकेट पुरेसे आहे. वेगवान बोटीमागे दोरीने ओढले जाण्याच्या खेळांत हेल्मेटच्या कडेत पाणी अडकून मानेला झटका बसू शकतो, म्हणून तिथे तज्ज्ञांतही एकमत नाही. जिथे पाण्याला वेग आणि तळाला खडक आहेत, तिथे मात्र चर्चेला जागा नाही.

हेल्मेट काय करू शकत नाही, हेही सांगायला हवे, कारण आपल्या जिल्ह्यातला खरा धोका तिथे आहे. आपली मुले राफ्टिंगला वर्षातून एकदा जातील. पण एप्रिल-मे महिन्यात विहिरीत आणि धरणात रोज उड्या मारतील. मागच्या वर्षी जिथे दोन पुरुष पाणी होते, तिथे यंदा कमरेएवढे असते. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. पोरगा काठावरून डोक्याकडून सूर मारतो, डोके तळावर टेकते आणि मागून येणाऱ्या सगळ्या शरीराचा भार मानेवर पडतो. मानेचा पाचवा किंवा सहावा मणका चिरडला की त्यातला मज्जारज्जू दबतो. हातपाय कायमचे लुळे पडतात, लघवी-शौचावरचा ताबा जातो. इजा त्याहून वर असेल तर श्वासही थांबतो. ही इजा हेल्मेट टाळू शकत नाही. ती टाळणारा नियम एकच: खोली माहीत नसलेल्या पाण्यात डोक्याकडून सूर मारायचा नाही. आधी काठाने हळूहळू उतरून, काठी टाकून खोली पाहायची. आदल्या आठवड्यात पाहिली होती, हे पुरत नाही. मोटार चालली की विहीर रोज बदलते.

आणि अपघात झालाच तर? बुडालेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार गावोगाव अजून चालतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसांत जाण्याचा धोका वाढतो. श्वास थांबला असेल तर त्याला कठीण जमिनीवर उताणे ठेवा, तोंडाने दोन श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाबा आणि मदत येईपर्यंत हे चक्र चालू ठेवा. एकाने लगेच १०८ ला फोन करावा. सूर मारताना किंवा खडकावर आदळून जखमी झालेल्याचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरूनच बाहेर काढा. हाताला धरून ओढू नका. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बरळणे, झटके, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव यांपैकी काहीही दिसले तर सहल तिथेच थांबवून रुग्णालय गाठा.

मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या जिल्ह्यातून रुग्णाला अनेकदा अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवावे लागते. रुग्णवाहिका कितीही वेगाने गेली तरी वाटेतले तास परत मिळत नाहीत. सरकारी रुग्णालयातला डॉक्टर म्हणून हे अंतर मला रोज दिसते. म्हणून प्रतिबंधावर इतके बोलतो.

काही अपेक्षा आहेत. महाराष्ट्राचे साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आले. त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम आहेत. शाळा-महाविद्यालयांनी सहल ठरवताना दर विचारण्याआधी नोंदणी विचारावी आणि पालकांनी शाळेला तेच विचारावे. वाटाड्याने मधल्या शांत पाण्यात लोकांना उतरू दिले, तरी हेल्मेट काढू देऊ नये. काढणाऱ्याला किनाऱ्यावर उतरवावे. त्यात गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल. आपल्या जिल्ह्यात नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारखी धरणे आहेत. तिथे आणि गावच्या विहिरींवर उन्हाळा सुरू होताच खोलीचा इशारा देणारे फलक ग्रामपंचायतींनी लावावेत. त्याला फार पैसा लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्याला प्रतिबंध करण्याचा जागतिक दिवस ठरवला आहे. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो. विहिरीवरचे अपघात त्याच्या आधीच, उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन गेलेले असतात. त्यामुळे शाळांनी हा विषय मार्चमध्येच, परीक्षेच्या धामधुमीतून एक तास काढून मुलांसमोर मांडावा. आणि घरातले कोणी कोलाडला निघाले, तर टॉवेल आणि बदलायचे कपडे यांची आठवण करून देताना पट्टा घट्ट लावण्याचीही करून द्यावी.