पाना कुणाच्या हातात?

परवा रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला आणि मी हॉलमध्ये जुनी गोधडी पसरून तिच्यावर सायकल आडवी केली. सासूबाई टीव्हीवरची मालिका सोडून बघायला आल्या. म्हणाल्या, "अगं, रुखवत बांधतेस की सायकल?"

येत्या आठवड्यात आम्ही सहाजणी मनालीहून लेहला सायकलने निघतोय. पुण्याहून चंदीगडपर्यंत विमान, पुढे मनालीपर्यंत बस आणि मग साडेचारशे किलोमीटरच्या आसपास डोंगरातला रस्ता. वाटेतला टंगलंग ला तर ५,३०० मीटरच्याही वर. ऐकणारी प्रत्येकजण विचारते, "दम नाही लागत?" लागतो की! पण मला धास्ती आहे ती या खोक्याची. तिला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही केरळला गेलो होतो. तेव्हा सायकल दुकानातल्या मुलाने खोलून, बांधून दिली. मी शेजारी उभी राहून त्याला चहा दिला, बस्स. कोचीला खोका उघडला आणि ते सुटे भाग बघून मला घामच फुटला. सोबतच्या दोघी आपापली सायकल जोडत होत्या. विचारायची लाज वाटली. उजवं पेडल डावीकडे घातलं, बसेना म्हणून पान्याने जोर लावला आणि क्रँकचे आटे गेले. पुढचे दोन दिवस मी सामानाच्या गाडीत बसून मैत्रिणींच्या पाठी बघत होते. सहा महिने केलेला सराव पेडलच्या एका आट्यापायी वाया!

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. आता पक्कं ठाऊक आहे. पाना पेडलवरून वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा. दोन्ही बाजूंना पेडल असंच सुटतं. पेडलांवर 'डा' आणि 'उ' लिहून ठेवलंय, ते वेगळं.

एकदा हात घातला की कळतं, हे काम आपल्या हातचंच आहे. सीटची उंची खुणेसाठी लाल नेलपॉलिशने आखली. खोलण्याआधी चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो काढले. चाकं काढल्यावर पुढचा फोर्क दबू नये म्हणून त्याच्या दोन टोकांत लाकडाचा ठोकळा बसवला. डिस्कब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, नाहीतर प्रवासात ब्रेक दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात. मागचा गिअर सगळ्यात नाजूक. तो फ्रेमपासून सोडवून जुन्या सुती साडीत गुंडाळून आत बांधला. टायरमधली हवा थोडी कमी केली, सगळी सोडली नाही. रिमला धक्का लागतो. सुटे स्क्रू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. पाने आणि हातपंप खोक्यात, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. विमानतळावर तपासणीत खोका उघडू शकतात, म्हणून वरची बाजू त्यांना पुन्हा बंद करता येईल अशीच बांधायची. आणि सायकल आहे हे विमान कंपनीला आधी फोन करून सांगायचं. देशातल्या विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलोच सामान फुकट नेता येतं आणि सायकल नि खोका मिळूनच तेवढं होतं.

आमचे हे दोनदा येऊन गेले. "मी करू का? तू सर जरा." प्रेमानेच म्हणाले, पण मी सरले नाही. घरातल्या सगळ्यांच्या बॅगा वीस वर्षं मी भरतेय, पण अवजारांची पेटी त्यांच्याच कपाटात. पाना हवा असला की आपण "अहो, जरा बघता का" म्हणायचं, ही सवय दोघांनाही लागलेली. दोष त्यांचा एकट्याचा नाही.

आणि ही गोष्ट माझ्यापुरती नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. फार चांगली योजना. पण कामाच्या निमित्ताने गावात गेले की एखाद्या अंगणात पंक्चर झालेली, चेन पडलेली सायकल भिंतीला टेकलेली दिसते. विचारलं तर मुलगी म्हणते, "दादाला वेळ नाही." दादाला वेळ मिळेपर्यंत ती शाळेत चालत जाते, पावसात तर जातच नाही. सायकल दिली तिथे एक पंप, दोन पाने, पंक्चरचं सामान आणि एका दुपारचं शिक्षण का देऊ नये? खर्च तो किती! संस्था, महिला मंडळं, सायकल दुकानदार, कुणीही हे करू शकतं. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी विषय मांडला तेव्हा एक ताई हसून म्हणाल्या, "मुलींना काय मेकॅनिक करायचंय?" मेकॅनिक नको हो, शाळेत वेळेवर पोचू दे.

खोका बांधून झाला तेव्हा साडेबारा वाजले होते. काट्यावर ठेवला, १७ किलो. सासूबाई झोपल्या नव्हत्या. "काय काढशील आता?" म्हणाल्या. लेहहून परतताना सायकल बांधून देणारं कुणी ओळखीचं नसणार, म्हणून पाने राहू दिले. त्यांनीच केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा तेवढा बाहेर काढला आणि हातातल्या बॅगेत टाकला.