गेम डिझाइनचं सर्टिफिकेट घ्यायचं की फी वाचवायची?

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेमिंगच्या दोन बातम्या पाठोपाठ आल्या, आणि दोन्हींची तोंडं उलट्या दिशेला होती. २२ ऑगस्टला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या ॲप्सचा धंदा बंद पडला. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, एमपीएलने माणसं कमी केली. मग १६ सप्टेंबरला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स वगैरेंसाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं.

सोलापुरात बारावी किंवा डिप्लोमा करून बसलेल्या मुलामुलींना यातली दुसरीच बातमी जास्त ऐकू येते, कारण क्लासच्या जाहिराती तिच्यावर चालतात. ‘सहा महिन्यांत गेम डिझायनर व्हा’ छापाच्या. पहिल्या बातमीचा अर्थ मात्र कुणी सांगत नाही: रमी आणि फँटसी ॲप्समधून बाहेर पडलेले अनुभवी लोकही आता त्याच नोकऱ्यांच्या रांगेत उभे राहणार. फी घरच्यांच्या खिशातून जाणार, आणि क्लास पुण्यात असेल तर खोलीभाडं नि मेस वेगळी. म्हणून जरा खोलात जाऊ.

आधी नावाचा घोळ सोडवू. गेम डिझाइन म्हणजे ग्राफिक्स नव्हे, कोडिंगही नव्हे. खो-खो आठवा. पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा मध्येच बदलता येत नाही, खांबापर्यंत जावं लागतं. मधली पट्टीही ओलांडता येत नाही. पळणारा मात्र दोन्हीकडे मोकळा. या अडचणीमुळेच ‘खो’ द्यावा लागतो. पाठलागवाल्याला हवं तिकडे वळायची मुभा देऊन बघा, बाकीचे आठ जण नुसते बसून राहतील आणि खेळ मरेल. कुठला नियम ठेवला की मजा येते, कुठला काढला की जाते, हा विचार म्हणजे गेम डिझाइन. मोबाइल गेममध्ये हेच काम सातव्या लेव्हलला लोक का सोडून जातात, रोज किती नाणी द्यायची, अशा रूपात येतं आणि बरंचसं एक्सेल शीटमध्ये होतं. आता एखाद्या कोर्सचं माहितीपत्रक उघडा. वर नाव गेम डिझाइन आणि आत सगळं ब्लेंडर, माया असेल, तर तो थ्रीडी आर्टिस्टचा कोर्स आहे. वाईट नाही, पण तुम्हाला तेच हवंय का?

नोकऱ्या आपल्याला सगळ्यात जवळ पुण्यात. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तिथे आहे, ‘इंडस’ बनवणारं सुपरगेमिंग तिथलंच, आणि ‘राजी’ बनवणारं नॉडिंग हेड्ससुद्धा. ‘राजी’ची गोष्ट माहीत असावी: २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत, तरी टीमने काम सोडलं नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्सच्या पहिल्या गेमसाठीच्या पुरस्काराला नामांकन मिळालं. असे स्टुडिओ तुमच्याकडे पोर्टफोलिओ मागतात. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडेही मुलाखतीला आलेल्या पोराचं सर्टिफिकेट कुणी झूम करून वाचत नाही, लिंक असेल तर ती उघडली जाते.

आणि ती लिंक तयार करायला खर्च किती? गोडो इंजिन फुकट आहे, त्याचा एडिटर अँड्रॉइड फोनवरही चालतो. युनिटी लर्नवरचे धडे फुकट. इच डॉट आयओवर गेम टाकायला पैसे लागत नाहीत. प्ले स्टोअरवर टाकायचा तर एकदाच २५ डॉलर, स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर.

मग कोर्सचा उपयोगच नाही का? आहे, पण तो वेगळ्या गोष्टींसाठी. एकट्याने सुरू केलेला गेम बहुतेक वेळा अर्धाच राहतो. चांगल्या कोर्समध्ये तारीख असते, चित्र काढणारा आणि कोड लिहिणारा शेजारी बसलेला असतो, आणि ‘हे कंटाळवाणं आहे’ असं तोंडावर सांगणारं कुणी असतं. त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. फक्त भरण्याआधी दोन गोष्टी मागा: मागच्या बॅचने पूर्ण केलेल्या गेम्सच्या लिंक, आणि शिकवणाऱ्याचं नाव कुठल्या बाजारात आलेल्या गेमच्या श्रेयनामावलीत आहे ते. उत्तरादाखल फक्त हसऱ्या मुलांचे फोटो दाखवले, तर उठून या. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे नोकरीची हमी नव्हे. फीसाठी हप्ते करून देत असतील तर ते कर्ज कुणाच्या नावावर निघतंय ते वाचा, कारण क्लास सोडला तरी हप्ते थांबत नाहीत.

वालचंदला इंजिनिअरिंग किंवा कुठे बीसीए चालू असेल तर ते सोडून सर्टिफिकेटच्या मागे जाऊ नका. पदवीशिवाय पुढची बरीच दारं बंद होतात आणि छोटा गेम सुट्टीतही होतो.

एक स्वस्त चाचणी सांगतो. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं काढलं की गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. कोर्सची फी भरण्याआधी एक लहानसा गेम करून इथवर या. बारा माणसं सोलापुरात सहज मिळतील. चौथ्या दिवशी त्यातले किती जण स्वतःहून गेम उघडतात ते बघा, आणि बाकीच्यांनी का उघडला नाही हे शोधायला तुम्हाला मजा येतेय का, तेही बघा.