व्हिडिओ गेम: उद्योगाआधी छंदाला वेळ हवा

१ फेब्रुवारी २०२६ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्राची विशेष दखल घेण्यात आली. १५ हजार माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत या विषयाच्या प्रयोगशाळा उभारण्यासाठी मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेला साहाय्य देण्याचे जाहीर झाले. २०३० पर्यंत या क्षेत्राला २० लाख व्यावसायिक लागतील, असा अंदाज त्यामागे आहे. मात्र गेमची निर्मिती बहुधा नोकरीआधी छंदातूनच शिकली जाते, आणि त्या छंदाचे भांडवल म्हणजे मोकळा वेळ.

खेळाची कल्पना कागदावर कितीही आकर्षक वाटली, तरी ती रंजक आहे की नाही हे खेळून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी एक कच्चा नमुना तयार केला जातो. नायकाच्या जागी साधा चौकोन, एकच नियम, एकच पडदा. जमला तर पुढे न्यायचा, नाही तर टाकून द्यायचा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये हीच पद्धत अवलंबली. प्रत्येक खेळ एकट्याने, सात दिवसांच्या आत करायचा, असा त्यांचा नियम होता. एका सत्रात पन्नासहून अधिक खेळ तयार झाले. त्यांपैकी एका नमुन्यातून २००८ चा गाजलेला ‘वर्ल्ड ऑफ गू’ साकारला.

साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही. २०१४ पासून मुक्त असलेले ‘गोडो’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. अडचण आहे ती वेळेची. कोलकात्याच्या नैर्ऋत्येकडील बेहाला हा मुख्यतः निवासी भाग, तर शहरातील संगणक कंपन्या प्रामुख्याने पूर्वेकडे सॉल्ट लेकच्या सेक्टर ५ मध्ये आणि न्यू टाउनमध्ये आहेत. जोका ते तारातला ही मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये बेहालामार्गे सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये माझेरहाटपर्यंत पोहोचली. तरीही शहर ओलांडून रोज ये-जा करणाऱ्याच्या हाती संध्याकाळचे फार थोडे तास उरतात. ठाणे किंवा पिंपरीच्या नोकरदाराची स्थितीही वेगळी नाही.

नमुन्याचे मोल पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या उदाहरणातून कळते. ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी ठरला. परंतु खेळून पाहता येईल असा नमुना त्यांच्या हाती होता. पुढे एपिक गेम्सचे अनुदान मिळाले, २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन लाभले. कोलकात्यात लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये आलेल्या ‘मिसिंग’ने मुलींच्या तस्करीसारखा विषय खेळात आणला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना मात्र प्रोत्साहनाचे धोरण स्वीकारले. त्यामुळे पैजेचा खेळ आणि सर्जनशील खेळ यांतील भेद कायद्याने मान्य केला आहे. आता प्रश्न दुसऱ्या प्रकाराची रुजवण कोठे होणार, हा आहे.

त्यासाठी नियोजित प्रयोगशाळा शाळा सुटल्यावरही परिसरातील तरुणांना खुल्या ठेवता येतील. बेहालातील बडिशा क्लब किंवा नूतन दल यांसारखी मंडळे दुर्गापूजेत नवनव्या कल्पना साकारतात. महाराष्ट्रात गणेशोत्सव मंडळे तेच करतात. अशा जागी महिन्यातून एक संध्याकाळ कच्चे खेळ मांडले गेले, तर शेजारी हाच पहिला परीक्षक ठरेल. योजनेचे यश मोजताना किती जणांना नोकऱ्या मिळाल्या याबरोबरच किती नमुने तयार होऊन टाकून दिले गेले, याचीही नोंद ठेवावी लागेल. टाकून दिलेला नमुना हा या कलेत वाया गेलेला श्रम मानला जात नाही.