छातीतली नळी : विचारा, गप्प बसू नका

क्षयरोगाने फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू साचला, अपघातात बरगडी मोडून हवा भरली, की छातीत नळी घालतात. आपल्या वर्धा जिल्ह्यातले असे रुग्ण बहुधा सेवाग्राम नाहीतर सावंगीला जातात. नळी जीव वाचवते, पण हलगर्जीपणा झाला तर जिवावर बेतते.

संमतीच्या कागदावर सही-अंगठा देण्याआधी विचारा : नळी कोणत्या बाजूला, कशासाठी? एक्सरे पाहिला का? पाणी असेल तर सोनोग्राफीने जागा ठरवणे जास्त सुरक्षित. हे मराठीत समजावून सांगणे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

नंतर रुग्णाजवळ रात्रंदिवस नातेवाईकच असतात. त्यांनी एवढे पाहावे :

बाटली कायम छातीच्या खाली आणि उभी. एक्सरेला नेताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवू नका. बाटलीतले पाणी उलटे छातीत जाऊ शकते. बाटलीतल्या नळीचे टोक पाण्यात बुडालेले हवे. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावू नये. हवा कोंडून हृदयावर दाब येतो. श्वासाबरोबर नळीतले पाणी वरखाली होते. ते अचानक थांबले किंवा धाप वाढली, तर लगेच सिस्टरला बोलवा. नळी निघालीच तर जागा स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि ओरडून हाक मारा.

हे सांगायला पाच मिनिटे लागतात. रात्रपाळीत एकट्या सिस्टरवर पूर्ण वॉर्ड असतो, हे मी नोकरीत भोगले आहे. म्हणून सिस्टरांची पदे भरा, ही मागणीही आपणच लावून धरली पाहिजे. आणि ‘तुम्हाला काय कळतं?’ असे कोणी म्हटले, तरी पुन्हा विचारा. रुग्ण आपला आहे.